पॉलिसी पाच वर्षांची, तरी क्लेम ‘तीन वर्षांच्या आतला’ कसा? कलम 45 बद्दल सविस्तर

प्रश्न थोडक्यात असा. पंढरपूर तालुक्यातल्या एका गृहस्थांच्या दाजींनी जुलै 2020 मध्ये 30 लाखांची टर्म पॉलिसी (बचत नसलेली, फक्त मृत्यूनंतर पैसे देणारी) घेतली. जुलै 2023 चा वार्षिक हप्ता उसाचे बिल लांबल्यामुळे राहिला आणि पॉलिसी लॅप्स झाली, म्हणजे बंद पडली. फेब्रुवारी 2024 मध्ये थकलेला हप्ता व्याजासह भरून ती पुन्हा चालू केली. नोव्हेंबर 2025 मध्ये हृदयविकाराच्या झटक्याने दाजी गेले. आता कंपनीचे पत्र आले आहे: मधुमेह लपवला, ही फसवणूक आहे, क्लेम नामंजूर, भरलेले हप्तेही परत मिळणार नाहीत. गृहस्थ विचारतात, ‘तीन वर्षांनंतर कंपनी काही विचारू शकत नाही असे एजंट म्हणाला होता. पॉलिसीला पाच वर्षे झाली, मग हे कसे? आणि माझीही पॉलिसी बंद पडली आहे, ती चालू करू का?’

मी 26 वर्षे आयुर्विमा कंपनीत मृत्यूदाव्यांच्या टेबलावर काढली. आता निवृत्तीनंतर नाकारलेल्या क्लेमचे कागद वारसांच्या बाजूने वाचतो. तुमच्या ताईंना आधी एवढे सांगा की हे पत्र म्हणजे शेवटचा निकाल नाही. पण एजंटने सांगितलेले अर्धेच होते, आणि राहिलेल्या अर्ध्यातच तुमचे प्रकरण अडकले आहे.

विमा कायदा 1938 चा. त्याचे कलम 45 सांगते की ठरावीक मुदत संपल्यावर आयुर्विम्याच्या पॉलिसीवर कंपनीला बोट ठेवता येणार नाही. पूर्वी ही मुदत दोन वर्षांची होती आणि ती संपल्यावरही फसवणूक सिद्ध करून दाखवली तर कंपनीला क्लेम नाकारता येत असे. 2015 च्या दुरुस्तीने दोनाची तीन वर्षे केली, पण त्या बदल्यात तीन वर्षांनंतरचे दार पूर्ण बंद केले. ‘कोणत्याही कारणावरून’ प्रश्न उपस्थित करता येणार नाही, असे कायद्याचे शब्द आहेत. फसवणुकीचे कारणसुद्धा त्यात आले. वारसांसाठी हे फार मोठे संरक्षण आहे.

आता तीन वर्षे कुठून मोजायची? कायद्यात चार तारखा दिल्या आहेत: पॉलिसी दिल्याची तारीख, जोखीम सुरू झाल्याची तारीख, पॉलिसीचे पुनरुज्जीवन म्हणजे रिव्हायव्हल झाल्याची तारीख, आणि राइडर म्हणजे मूळ पॉलिसीवरचे जादा संरक्षण जोडल्याची तारीख. यांतली जी सर्वांत नंतरची, तिथून मोजायचे. तुमच्या दाजींचे रिव्हायव्हल फेब्रुवारी 2024 चे. म्हणजे मुदत फेब्रुवारी 2027 पर्यंत, आणि मृत्यू नोव्हेंबर 2025 चा. कंपनीच्या हिशोबाने हा एकवीस महिन्यांचा क्लेम आहे, ज्याला आम्ही ऑफिसात ‘अर्ली क्लेम’ म्हणायचो. मन हळहळते ते एवढ्यासाठी की मूळ तीन वर्षे भरली जुलै 2023 मध्ये, आणि हप्ता चुकला तोही त्याच महिन्यात. तो एक हप्ता ग्रेसच्या म्हणजे सवलतीच्या तीस दिवसांत गेला असता तर आज हे पत्र येऊच शकले नसते.

पूर्वी असे नव्हते. मिठूलाल नायक विरुद्ध एलआयसी हा सर्वोच्च न्यायालयाचा 1962 चा निकाल या विषयातला पाया मानला जातो. त्यातही पॉलिसी लॅप्स होऊन पुन्हा चालू झाली होती. न्यायालयाने सांगितले की कलम 45 ची मुदत मूळ तारखेपासूनच मोजायची, रिव्हायव्हलपासून नाही. तरीही वारसाची बाजू हरली. कारण विमेदाराला पॉलिसी घेण्याआधी रक्तक्षय, पायावर सूज, चालताना धाप असा त्रास होऊन त्याने डॉक्टरांचे उपचार घेतले होते, आणि अर्जात मात्र त्याने ते लिहिले नव्हते. मुद्दा असा की मुदत मोजण्याबाबतचा तो दिलासा 2015 च्या दुरुस्तीने संपला. रिव्हायव्हलची तारीख कायद्यातच लिहिली गेली. जुन्या माहितीवर चालणारे अनेक एजंट अजूनही ‘मूळ तारखेपासून’ असे सांगतात, त्याचे मूळ इथे असावे.

तेव्हा ‘पाच वर्षे झाली’ हा मुद्दा सोडून द्या. तक्रारीत तो पहिला लिहिलात तर कंपनी एका वाक्यात खोडून काढेल आणि तुमचे खरे बळकट मुद्दे मागे पडतील.

खरे मुद्दे इथून सुरू होतात. मुदतीच्या आत मृत्यू झाला म्हणजे क्लेम बुडाला, असा समज खेड्यापाड्यांत आणि शहरांतही आहे. तसे मुळीच नाही. मुदतीच्या आत कंपनीला चौकशी करण्याचा आणि ठोस कारण असल्यास पॉलिसीला आव्हान देण्याचा अधिकार आहे, एवढेच. आणि हे आव्हान दोनच वाटांनी देता येते. दोन्ही वाटांचे नियम इतके वेगळे आहेत की पत्र हातात पडताच कंपनीने कोणती वाट धरली आहे ते आधी पाहायचे.

पहिली वाट फसवणुकीची. फसवणूक म्हणजे कंपनीला गंडवण्याच्या हेतूने खोटे सांगणे किंवा माहीत असलेली गोष्ट दडवणे. ‘हेतू’ हा शब्द इथे सर्वांत जड आहे. नुसते गप्प राहणे म्हणजे फसवणूक नव्हे, असेही कलमातच म्हटले आहे, मात्र जिथे बोलणे हे कर्तव्यच होते तिथला अपवाद ठेवून. अर्जात थेट प्रश्न विचारलेला असेल तर हा अपवाद कंपनीच्या बाजूने लागतो. कंपनीने फसवणुकीची कारणे आणि त्यामागचे पुरावे लेखी कळवले पाहिजेत. विमेदाराने आपल्या माहितीप्रमाणे खरेच सांगितले होते, दडवण्याचा हेतू नव्हता, किंवा ती गोष्ट कंपनीला आधीच ठाऊक होती, असे दाखवता आले तर कंपनी फसवणुकीच्या कारणावर क्लेम नाकारू शकत नाही. अडचण ही की विमेदार हयात नसेल तर हे दाखवण्याचा भार वारसांवर येतो. तुमच्या ताईंवर तो आलेला आहे. या वाटेने क्लेम नाकारला तर हप्ते परत करण्याची सक्ती कलमात नाही, म्हणूनच पत्रात ‘हप्तेही नाहीत’ असे लिहिले आहे.

दुसरी वाट चुकीच्या किंवा अपुऱ्या माहितीची. फसवण्याचा हेतू नव्हता, पण आयुर्मानाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अर्जात चुकीची लिहिली गेली किंवा राहून गेली, असे म्हणणारी. या वाटेने गेल्यास कंपनीला जमा झालेले सर्व हप्ते 90 दिवसांत परत करावे लागतात. शिवाय ही गोष्ट कळली असती तर पॉलिसी दिलीच नसती, हे सिद्ध करण्याचा भार कंपनीवर आहे. ‘जास्त हप्ता लावला असता’ एवढे म्हणून भागत नाही. कायद्याचे शब्द आहेत की पॉलिसी दिलीच गेली नसती.

हे वाक्य तुमच्या प्रकरणात सोन्यासारखे आहे. मधुमेह असलेल्या माणसांना आपल्याकडे आयुर्विमा मिळतो. साखर कितपत आटोक्यात आहे, किती वर्षांपासून आहे, किडनी-डोळ्यांवर परिणाम आहे का, हे बघून कंपन्या जादा हप्ता लावतात आणि पॉलिसी देतात. मी स्वतः अशा शेकडो फाइली पाहिल्या आहेत. दाजींची साखर गोळ्यांवर आटोक्यात होती असे तुम्ही लिहिता. मग ‘मधुमेह सांगितला असता तर आम्ही पॉलिसी चालूच केली नसती’ हे कंपनीने स्वतःच्या अंडररायटिंगच्या (जोखीम तपासून पॉलिसी द्यायची की नाही हे ठरवण्याच्या) नियमांतून दाखवायला हवे. ते नियम तिने मांडावेत, अशी मागणी करा. कंपनीने फसवणुकीची वाट का धरली असावी, हेही यातून उलगडते: दुसऱ्या वाटेवर हा भार तिच्या डोक्यावर येतो आणि हप्तेही द्यावे लागतात. म्हणून तक्रारीत दोन पायऱ्या ठेवा. आधी फसवणूक नव्हती हे मांडा. मग, वादापुरते माहिती अपुरी होती असे धरले तरी ती पॉलिसी नाकारण्याइतकी महत्त्वाची नव्हती, हे मांडा.

आता तुमच्या कागदांकडे येतो. तुम्ही पाठवलेल्या सोलापूरच्या रुग्णालयाच्या केसपेपरवर इतिहासाच्या रकान्यात ‘मधुमेह, 10 वर्षांपासून’ असे आहे आणि खाली ‘माहिती देणारा: पुतण्या’. कंपनीच्या पत्राचा सगळा डोलारा या एका ओळीवर उभा आहे. 10 वर्षे धरली तर 2020 च्या मूळ प्रस्ताव अर्जातही दाजी खोटे बोलले असे होते. पण तुमच्याकडे लॅबचा 2022 चा रिपोर्ट आहे, ज्यात पहिल्यांदा साखर वाढलेली दिसली आणि डॉक्टरांनी तेव्हा गोळ्या सुरू केल्या. रात्री दोन वाजता छातीत कळ आलेल्या माणसाला घेऊन पळत आलेला पुतण्या. त्याला ड्यूटीवरचा डॉक्टर विचारतो, ‘शुगर आहे? किती वर्षं?’ तो म्हणतो, ‘असेल आठ-दहा वर्षं.’ त्या घाईतले ते उत्तर 30 लाखांच्या क्लेमविरुद्ध पुरावा म्हणून उभे केले जाते. ग्राहक आयोगांनी अनेकदा सांगितले आहे की असा नुसता इतिहास पुरेसा नाही. आधीच्या उपचारांचे कागद किंवा इलाज करणाऱ्या डॉक्टरचे प्रतिज्ञापत्र हवे. पुतण्याचे खरेखुरे प्रतिज्ञापत्र करून घ्या: तो वेगळ्या घरात राहतो का, त्याने आकडा कशावरून सांगितला. 2022 च्या आधीचे साखर नॉर्मल असलेले रिपोर्ट मिळाले तर त्याहून चांगले. पॉलिसी देताना कंपनीने रक्ततपासणी केली होती का? केली असेल तर 2020 चा तो रिपोर्ट कंपनीच्याच फाइलमध्ये आहे. तो मागा.

मूळ अर्ज असा सुटला तरी फेब्रुवारी 2024 चे रिव्हायव्हल उरते. इथे तुम्हाला कटू वाटेल असे बोलावे लागेल. तेव्हा दाजींना मधुमेह होता आणि ते गोळ्या घेत होते. रिव्हायव्हलच्या वेळी कंपनी आरोग्याची घोषणा मागते. एलआयसीत हा 680 नंबरचा फॉर्म, खासगी कंपन्यांत त्याला डीजीएच म्हणतात. ‘मागच्या अर्जानंतर कुठला आजार, तपासणी, उपचार?’ असे त्यात विचारलेले असते. तिथे ‘नाही’ असे उत्तर असेल तर ते चुकीचे आहे, आणि तक्रारीत ते नाकारू नका. एका गोष्टीत खोटे सापडले की खऱ्या दहा गोष्टींवरचाही विश्वास जातो.

पण ती घोषणा कशी झाली, हे शोधा. तुम्ही म्हणता, एजंटने दाजींच्या मोबाईलवर आलेला ओटीपी फोनवर विचारून घेतला आणि पैसे भरून दिले. मग प्रश्न कोणी वाचले, कोणत्या भाषेत होते, टिक कोणी केली? कलम 45 मध्येच स्पष्टीकरण आहे की विम्याचा करार जुळवून आणणारी व्यक्ती कराराच्या कामापुरती कंपनीची एजंट समजली जाईल. पूर्वी ‘एजंटने फॉर्म भरला तर तो विमेदाराच्या वतीने भरला’ असे म्हणून हात झटकता येत. या स्पष्टीकरणानंतर ते तितके सोपे राहिलेले नाही. दाजींची साखर एजंटला ठाऊक होती का? तो गावातलाच असेल, लग्नाच्या पंगतीत त्यांना जिलेबी नको म्हणताना पाहिले असेल, तर हा मुद्दा जोरात मांडा. घोषणा मागितलीच नसेल, नुसते पैसे भरून घेतले असतील, तर मग कोणते विधान खोटे ठरवणार? पॉलिसी नुसती विमा-जोखमीची नसून बचतीची असती, तर आणखी एक मुद्दा होता: रिव्हायव्हल रद्द धरले तरी लॅप्स होण्याआधीचे पेड-अप मूल्य, म्हणजे भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात उरणारी विमा रक्कम, मागता आले असते. टर्म पॉलिसीत ते नसते.

तुम्ही असेही विचारले आहे की मृत्यू हृदयविकाराने झाला, मधुमेहाचा संबंध काय? हा मुद्दा मांडा, पण त्यावरच विसंबू नका. 2015 मध्ये महाराष्ट्रातल्या एका कुटुंबाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने क्लेम मंजूर केला होता. विमेदाराने कमरेच्या मणक्याचे दुखणे लिहिले नव्हते, आणि मृत्यू हृदयविकाराने झाला. जिवावर बेतणारे नसलेले आणि मृत्यूशी संबंध नसलेले दुखणे न सांगणे हे क्लेम नाकारायला पुरेसे नाही, असे न्यायालय म्हणाले. पण मणक्याचे दुखणे आणि हृदय यांचा संबंध नाही हे कोणीही मान्य करील. मधुमेह आणि हृदय यांच्या बाबतीत कंपनीचा डॉक्टर नेमके उलटे सांगेल. 2020 मध्ये त्याच न्यायालयाने एका प्रकरणात कंपनीचे म्हणणे उचलून धरले. तिथे पॉलिसी मिळाल्यानंतर महिन्याभरात मृत्यू झाला होता आणि त्याआधी रुग्णालयात घेतलेले उपचार लपवलेले होते. त्यातली एक गोष्ट मला नेहमी आठवते: खटला चालू असतानाच पैसे दिले गेले होते, आणि विमेदाराच्या वृद्ध आईकडून ते परत घेऊ नयेत असे न्यायालयाने सांगितले. 2024 च्या एका निकालात दुसऱ्या पॉलिसी लपवल्याचा आरोप होता. कंपनीने नुसता तक्ता जोडला, त्यामागचे कागद दिले नाहीत. आरोप सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीची आहे, असे म्हणून न्यायालयाने वारसाला पैसे देववले. तुमच्या कामाचा निकाल मला हा वाटतो.

चौकशीबद्दल थोडे, कारण ताईंकडे माणूस पुन्हा येऊ शकतो. अर्ली क्लेममध्ये चौकशी अधिकारी घरी, शेजारी, औषधाच्या दुकानात, लॅबमध्ये, नोकरी असेल तर रजेच्या नोंदींपर्यंत जातो. त्यात गैर काही नाही. पण नवरा जाऊन पंधरा दिवस झालेल्या बाईला दारात बसवून कोऱ्या कागदावर सही घेतलेली मी पाहिली आहे. वर मजकूर नंतर लिहिला होता, आणि तो तिच्या बोलण्यापेक्षा वेगळा होता. अक्षर एकाचे, शाई दोन रंगांची. फाइल माझ्या टेबलावर आली म्हणून ते दिसले, नाहीतर गेलेच होते. ताईंना सांगा: कोऱ्या कागदावर सही नको, लिहिलेला जबाब मराठीत वाचून घ्या, सही करण्याआधी मोबाईलवर फोटो काढा. आणि जे खरे आहे तेच सांगा, शेजाऱ्यांनाही पढवू नका.

आता करायचे काय. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला रजिस्टर पोस्टाने आणि ईमेलने पत्र पाठवा. त्यात मूळ प्रस्ताव अर्जाची प्रत, रिव्हायव्हलची घोषणा, ओटीपी कोणत्या वेळी आणि कोणत्या यंत्रावरून वापरला त्याची नोंद, चौकशी अहवाल, आणि अंडररायटिंगचे नियम मागा. 2024 च्या नियमांनुसार चौकशी लागणारा मृत्यूदावा 45 दिवसांत, न लागणारा 15 दिवसांत निकाली काढायचा असतो. उशीर झाला असेल तर बँक दरावर 2 टक्के जादा व्याज मागा. कंपनीने काही रक्कम खात्यात टाकली किंवा ‘पूर्ण व अंतिम’ असे छापलेली पावती सहीसाठी पाठवली, तर ‘हक्क राखून स्वीकारली’ असे लेखी कळवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपाल. सोलापूर जिल्ह्याचे काम पुण्याच्या कार्यालयात चालते. 50 लाखांपर्यंतच्या तक्रारी तिथे घेतात, तुमची रक्कम बसते. फी नाही, वकील चालत नाही. ताईंनी स्वतः जाऊन मराठीत बोलायचे. ताई बोलू शकतील का ही तुमची काळजी मला समजते, पण मी पाहिले आहे की खऱ्या माणसाचे साधे बोलणे तिथे नीट ऐकले जाते. कंपनीच्या अंतिम नकारानंतर एक वर्षाच्या आत जा. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नसतो. न पटल्यास ग्राहक आयोगाचे दार उघडे राहते. तिथली मुदत दोन वर्षांची आहे आणि ताई राहतात त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते.

काही जण मला विचारतात, मुदतीत मृत्यू झाला तर तीन वर्षे उलटेपर्यंत क्लेमच करू नये का? मिठूलाल नायक निकालात दिवस मोजले ते कंपनीने क्लेम नाकारला त्या तारखेपर्यंत, त्यामुळे ही युक्ती सुचते. मी ती कोणालाही सांगत नाही. उशिरामुळे संशय वाढतो, डॉक्टरांकडचे कागद नाहीसे होतात, आणि घरात पैशांची गरज असते ती पहिल्याच वर्षी.

आत्महत्येची अट वेगळी आहे. ती साधारणपणे जोखीम किंवा रिव्हायव्हल सुरू झाल्यापासून 12 महिन्यांची असते, तिचा कलम 45 च्या तीन वर्षांशी घोळ घालू नका. वयाचा दाखला मात्र कंपनी कधीही मागू शकते आणि त्यानुसार हिशोब बदलू शकते. त्याला पॉलिसीवर आक्षेप घेणे म्हणत नाहीत.

राहिली तुमची स्वतःची पॉलिसी. चालू करा किंवा नवीन घ्या, तीन वर्षे दोन्हीकडे नव्यानेच सुरू होतील. जुनी चालू केलीत तर हप्ता जुन्या वयाचा राहतो, म्हणून आधी तिचीच चौकशी करा. तुम्हाला रक्तदाब आहे असे लिहिले आहे. घोषणेच्या फॉर्ममध्ये तो लिहा, गोळीचे नाव आणि कधीपासून तेही. डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत जोडा. कंपनी तपासणी करील, कदाचित जादा हप्ता लावील, तो भरा. ओटीपी कोणालाही सांगू नका, फॉर्म स्वतः वाचा. शाखेत देत असाल तर पोच शिक्का मारलेली प्रत घ्या आणि ती पॉलिसीच्या कागदासोबत ठेवा. कुठे ठेवली ते वहिनींना दाखवा.